गुण्या

ऑक्टोबर. गवतावर दहिवर गोठलेलं,
तोइवो निस्कालाच्या गॅरेजसमोर सकाळी सातला आमची रांग.
पुढे डुलुथचा तो दलाल, खिशात लोहचुंबक:
पितळ म्हणजे पितळच ना, की वरून मुलामा, ते बघायला.
मागे दोन पोरं. त्यांना जुन्या पान्यांवरचे शिक्के
बाराखडीसारखे पाठ.
मला काही नको होतं.
असं मी बायकोला सांगून निघालो. ती हसली.
तिला माझे नऊ रंधे ठाऊक आहेत,
दहावा ठाऊक नाही.

दार वर सरकलं. कुरकुरलं नाही.
तोइवोच्या घरात कशालाच कुरकुरायची मुभा नव्हती.
हेल्मीने चिकटपट्ट्यांवर किमती लिहिल्या होत्या:
पटाश्या पाच, आठ डॉलर. कानशी, मूठभर, दोन.
जावयाने दिलेला नवाकोरा संच, प्लास्टिकसुद्धा न फाडलेला,
चाळीस. त्याला कुणी हात लावेना.
मी एक गिरमिट उचललं. लाकडी मुठीवर
अंगठ्याची जागा झिजून खोलगट,
माझा अंगठा तिथे बसेना.
तरी धरलं बगलेत.

मग भिंत.
खाणीची लाल धूळ जवसाच्या तेलात कालवून
त्याने फळीवर प्रत्येक हत्याराची कड रंगवलेली,
हातोडीमागे हातोडी, पकडीमागे पक्कड.
लोक एकेक उतरवत गेले
आणि लाल रेघांचं बिऱ्हाड तेवढं मागे उरलं.
एका खिळ्यावर मात्र आधीपासूनच काही नव्हतं.
काटकोन. आखूड मूठ, लांब पातं.
खाली पेन्सिलीने: वेन्डेल, जून ९८.

वेन्डेल म्हणजे मी.

शिसवी मुठीचा तो गुण्या माझ्या गॅरेजात
काचेच्या कपाटात आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला मी सांगतो,
विस्कॉन्सिनच्या एका लिलावात मिळाला, सहा डॉलरला,
पाऊस होता, बोली लावायला दुसरं कुणी नव्हतं.
इतकी वर्षं सांगतोय
की मला तो पाऊस आठवतो.

आणि दर शुक्रवारी तोइवोच्या सौनात आम्ही शेजारी बसायचो,
उघडे, घाम निथळत, गुडघ्याला गुडघा.
तापल्या दगडांवर तो पळीने पाणी टाकायचा,
मी म्हणायचो, अजून एक.
तो टाकायचा.
तेवीस वर्षं, अगदी गुण्यागोविंदाने.
एका शब्दाने त्याने विचारलं नाही.

मी घरी जाऊन तो घेऊन आलो. तोवर दुपार,
टेबलं रिकामी, हेल्मी भुसा लोटत होती.
काय बोलायचं ते गाडीत जुळवलं होतं,
ते गाडीतच राहिलं.
तिने गुण्या हातात घेतला, पातं एप्रनला पुसलं.
म्हणाली, "तोइवो म्हणायचा, वेन्डेलचं काम मोठं दिसतंय.
अजून चाललंय."
मग चिकटपट्टीचा तुकडा फाडला, लिहिलं, मुठीवर डकवला.
चार डॉलर.
मी मोजून दिले. तिने मोजून घेतले.

रात्री बाकावर फळी घेतली, तिची कड सरळ केली,
गुण्या लावून एक रेघ मारली,
मग तो उलटवून त्याच बिंदूवरून दुसरी.
दोन्ही एकच दिसायला हव्यात.
टोकाला पोचेपर्यंत केसभर फट.
तोइवोकडे तो गुण्यात असणार, त्याने बांधलेली दारं
अजून नीट लागतात. माझ्याकडेच पडला असेल कधीतरी
आणि मी उचलून कपाटात ठेवला.
उलटवलं की चूक दुप्पट दिसते.
म्हणून तर उलटवून बघायचं असतं,
हे मला कुणी शिकवलं, तेही आता आठवलं.

चिकटपट्टी अजून काढलेली नाही.